पात्यावरचे नाव

तलवार कोणाची होती, हा प्रश्न आपल्या इतिहासलेखनाने पुष्कळदा आणि मोठ्या हिरिरीने विचारला आहे. ती कोणी घडविली, हा प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही. शस्त्राचा धनी इतिहासाचा विषय होतो आणि त्याचा कर्ता फार तर ज्ञातीच्या नावाने, ‘लोहार’ किंवा ‘शिकलगार’ म्हणून, ओळखला जातो. या उपेक्षेमागे अनास्था आहेच. पण वस्तूच्या घडणीतूनच आलेल्या काही अडचणीही आहेत. त्या ध्यानात घेतल्या, तर कर्तृत्वाच्या शोधाविषयी साहित्याच्या अभ्यासकालाही काही हाती लागेल, असे आम्हांस वाटते.

अलीकडचेच उदाहरण घेऊ. नागपूरकर पहिल्या रघूजी भोसल्यांची तलवार एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या सदबीज या लिलावगृहात विक्रीस आली. महाराष्ट्र शासनाने ती मिळविली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या अक्षरांत देवनागरी लेख आहे. त्यात रघूजींचे नाव आहे, ‘सेनासाहेबसुभा’ हा त्यांचा किताब आहे आणि ‘फिरंग’ हा शब्द आहे. म्हणजे तलवारीने धनी सांगितला, त्याचा हुद्दा सांगितला, स्वतःचा प्रकारही सांगितला. कर्त्याचे नाव सांगितले नाही. सरळ, एकधारी पाते युरोपीय घडणीचे. मूठ आणि तिच्यावरचे सोन्याचे नक्षीकाम मात्र इथल्या पद्धतीचे. तेव्हा ‘ही कोणी घडविली’ या प्रश्नाला एकवचनी उत्तर असूच शकत नाही. पाते ओतीव-घडीव करणारा दूरदेशीचा लोहार, मूठ बसविणारा, कोफ्तगरी करणारा, धार आणि झळाळी देणारा शिकलगार, असे किमान चार हात तिच्यात आहेत आणि चारही निनावी आहेत.

‘फिरंग’ हा शब्दच या व्यवहाराचा साक्षीदार आहे. फिरंग्यांकडून आलेले पाते ते फिरंग. पुढे त्या घाटाच्या तलवारीलाच ते नाव पडले. आम्ही ज्या उपनगरांत राहतो ती अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर ही सारी गावे जुन्या साष्टी बेटावरची. १५३४ च्या वसईच्या तहाने हा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला आणि १७३७ मध्ये मराठ्यांनी साष्टी घेईपर्यंत त्यांच्याकडेच राहिला. बोरिवलीजवळच्या मंडपेश्वर लेण्यात शैव शिल्पे आणि फ्रान्सिस्कन मठाचे अवशेष आजही एकाच ठिकाणी दिसतात. पोर्तुगीजांशी मराठ्यांची अनेकदा लढाई झाली; युरोपीय पाते मात्र मराठी मुठीत बेधडक बसले. १८७५-७६ च्या भेटीत प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरहून नजर केलेली आणि शिवाजी महाराजांची म्हणून ओळखली जाणारी तलवारही अशीच युरोपीय पात्याची आहे. तिच्यावर आय. एच. एस. ही येशूच्या नावाची ख्रिस्ती अक्षरमुद्रा उमटविलेली आहे. ही मुद्रा देवाच्या नावाची आहे, कारागिराच्या नव्हे. आपल्याकडच्या दोन प्रसिद्ध तलवारींपैकी एकीवर धन्याचे नाव आहे, दुसरीवर देवाचे. कर्त्यासाठी जागा उरलेली नाही.

याच्या शेजारी जपानी तलवार ठेवून पाहावी. तिथे लोहार आपले नाव पात्याच्या दर्शनी भागावर कोरत नाही. मुठीच्या आत जाणारा जो भाग, ज्याला जपानीत ‘नाकागो’ म्हणतात, त्यावर तो छिन्नीने नाव, कधी गाव आणि पुष्कळदा दुसऱ्या बाजूस तिथी कोरतो. मूठ बांबूच्या एका लहानशा खुंटीने अडकविलेली असते. ती काढली की पाते मोकळे होते आणि नाव वाचता येते. आपल्याकडे पात्याचे शेपूट मुठीत लाखेसारख्या चिकट द्रव्याने पक्के केलेले असते किंवा मूठ खिळ्यांनी जखडलेली असते. आत काही खूण असलीच, तरी वस्तूला इजा केल्यावाचून ती पाहणे कठीण. दोन देशांच्या शस्त्रविद्येतील एवढे मोठे अंतर काही अंशी बांबूच्या एका खुंटीने पडले आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरू नये.

मात्र नाव दिसले म्हणजे कर्ता सापडला, असे जपानातही होत नाही. आधुनिक काळातील अप्रसिद्ध लोहारांच्या बाबतीत तर नाहीच. १८७६ च्या फर्मानाने सामान्यांस तलवार बाळगण्याची बंदी झाली आणि लोहारांचा धंदा बसला. १९३३ मध्ये टोकियोच्या यासुकुनी देवस्थानाच्या आवारात पारंपरिक पद्धतीची भट्टी सुरू झाली. युद्धकाळात मागणी इतकी वाढली की, पारंपरिक पोलादाची तलवार आणि कारखानी तलवार शेजारी शेजारी निघू लागल्या. १९४५ च्या पराभवानंतर भट्ट्या थंडावल्या. असंख्य तलवारी जप्त झाल्या किंवा विजेत्या सैनिकांबरोबर परदेशी गेल्या. १९५३ पासून परवानाधारक लोहारांना पुन्हा घडणीची मुभा मिळाली. किमान पाच वर्षांची उमेदवारी आणि महिन्याला दोनच लांब तलवारी, असे तिचे नियम आहेत.

या उलथापालथीत ज्याने मोजक्याच तलवारी घडविल्या, अशा लोहाराचा शोध कसा घेतात? नाकागोवर पातळ कागद ठेवून शाईने ठसा घेतात. अक्षरांची वळणे, छिन्नीच्या घावांची दिशा, कानशीच्या रेघांचा कोन, गंजाचा रंग ही सारी लक्षणे खात्रीच्या ठशांशी ताडून पाहतात. शिष्याच्या नावात गुरूच्या नावातील एखादे अक्षर येते, त्यावरून परंपरा लावतात. एकच लोहार आयुष्यात नाव बदलतो. एकच नाव दोन लोहार लावतात. गुरूच्या वतीने शिष्य पाते घडवितो, कधी नावही तोच कोरतो. आणि धडधडीत बनावट नावे तर शेकड्यांनी आहेत. जाणकार म्हणूनच आधी पाते वाचतात आणि मग नाव.

पश्चिमेकडेही हेच. इटालियन आंद्रेआ फेरारा याचे नाव स्कॉटलंडमधील असंख्य पात्यांवर आहे. त्यांतली कितीतरी जर्मनीतील झोलिंगेनची. इराणच्या असदुल्लाह याचे नाव इतक्या पिढ्यांच्या समशेरींवर उमटले आहे की, ते एका माणसाचे नाव न राहता उत्तमतेचा छाप बनले.

मराठीच्या अभ्यासकाला हे सारे अनोळखी वाटू नये. अभंगातील नाममुद्रा म्हणजे काव्यावर कोरलेले नावच. परंतु ‘नामा’ ही मुद्रा दिसली म्हणजे तो अभंग ज्ञानदेवकालीन नामदेवांचाच, असे कोणीही जबाबदार संपादक म्हणणार नाही. विष्णुदास नामा आणि इतर नामे यांच्या रचना गाथ्यात मिसळल्या आहेत आणि त्या निवडायला भाषा, छंद, संदर्भ यांचाच आधार घ्यावा लागतो. उलटपक्षी पोथीच्या अखेरची पुष्पिका पाहावी. तिथे नक्कल करणारा आपले नाव, गाव, शक नोंदवितो. ग्रंथकर्त्याच्या थोरवीवर त्याचा दावा नसतो. हे काम माझ्या हातून झाले, एवढेच तो सांगतो. जपानी लोहाराचे मुठीआडचे नाव नाममुद्रेपेक्षा या पुष्पिकेच्या जवळचे आहे. ते मिरवण्यासाठी नाही, जबाबदारीसाठी आहे.

आपल्या तलवारींना पुष्पिका नाही, आणि ती आता कोणी लिहूही शकणार नाही. म्हणून आपल्या लोहार-शिकलगारांची नावे कल्पनेने भरावीत, असे मुळीच नाही; त्यापेक्षा मौन बरे. पण मौनाचीही नोंद करता येते. वस्तुसंग्रहालयातील पाटीवर धन्याचे नाव आणि शतक लिहून भागते, असे आपण मानतो. त्याऐवजी पाते कोठले, मूठ कोठली, नक्षी कोणत्या पद्धतीची, धार किती वेळा लावलेली दिसते, हे वेगवेगळ्या ओळींत लिहावे आणि प्रत्येक ओळीपुढे ‘कर्ता अज्ञात’ असे स्पष्ट नोंदवावे. ‘अज्ञात’ हा शब्द चार वेळा वाचणाऱ्या विद्यार्थ्याला निदान इतके कळेल की, तिथे चार माणसे होती. आज रघूजींच्या तलवारीपुढे उभा राहणारा विद्यार्थी एकाच माणसाचे नाव वाचून परततो.