दहा टक्के आले कोठून? : किन्सी अहवालाची हकिकत

१९४८ सालच्या जानेवारीत अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरातल्या सॉन्डर्स या प्रकाशनसंस्थेने एक जाडजूड पुस्तक बाजारात आणले. ही संस्था प्रामुख्याने वैद्यकाची पुस्तके छापणारी. आठशेच्या वर पाने, किंमत साडेसहा डॉलर, आत कोष्टकांमागून कोष्टके आणि आलेख, भाषा सरकारी अहवालाइतकी रुक्ष. असे पुस्तक एरवी ग्रंथालयाच्या कपाटात धूळ खात पडायचे. पण याच्या काही महिन्यांत दोन लाखांच्या आसपास प्रती खपल्या, वर्तमानपत्रांनी त्यावर अग्रलेख लिहिले आणि चर्चमधून त्याच्यावर प्रवचने झाली. पुस्तकाचे नाव मराठीत सांगायचे तर 'मानवी नराचे लैंगिक वर्तन'. 'पुरुषाचे' नव्हे, 'नराचे'. मुख्य लेखक प्राणिशास्त्रज्ञ होता हे शीर्षकातच कळते.

त्याचे नाव आल्फ्रेड किन्सी. जन्म १८९४चा. हार्वर्डमधून १९१९ साली डॉक्टरेट मिळवून तो पुढल्या वर्षी इंडियाना विद्यापीठात प्राणिशास्त्र शिकवू लागला. शाळांसाठी त्याने जीवशास्त्राचे पाठ्यपुस्तकही लिहिले होते (१९२६). त्याचा अभ्यासविषय मात्र अगदी वेगळा होता. ओकच्या झाडावर गाठी दिसतात. एक बारीकशी गांधीलमाशी झाडात अंडे घालते, अळीच्या भोवती झाडाची ऊती फुगते आणि गाठ तयार होते. आपल्याकडे करंजाच्या किंवा आंब्याच्या पानांवर अशा गाठी मुलांना सहज दाखवता येतात. फक्त त्या करणारे जीव वेगळे, करंजावर कोळ्यांच्या कुळातील माइट आणि आंब्यावर चिलटासारखी बारीक माशी. किन्सीने या गांधीलमाश्या गोळा करण्यासाठी अमेरिका आणि मेक्सिको पालथे घातले. माश्या आणि गाठी मिळून त्याचा संग्रह काही दशलक्षांवर गेला. तो आज न्यूयॉर्कच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयात आहे. एकेका माशीची अनेक मोजमापे भिंगाखाली घेऊन तो वहीत नोंदवीत असे.

इतक्या माश्या कशासाठी? तर एका जातीच्या दोन माश्यासुद्धा सारख्या नसतात, हे त्याला दिसले होते. जुने वर्गीकरणकार दोन-चार नमुने पाहून जातीचे वर्णन लिहीत. त्या वर्णनाशी जुळणार नाही तो 'अपवाद'. किन्सीचे म्हणणे असे, की विविधता हाच निसर्गाचा नियम आहे, आणि ती समजायची तर भरपूर नमुने हवेत. पुढे त्याने माणसांच्या बाबतीत जे काही बरोबर केले आणि जे काही चुकवले, ते सगळे या एका वाक्यात बीजरूपाने आहे, असे माझे मत आहे.

१९३८ साली इंडियाना विद्यापीठात विवाहविषयक व्याख्यानमाला सुरू झाली. तिचे काम किन्सीकडे आले. व्याख्यानांनंतर विद्यार्थी प्रश्न घेऊन येत. माझे वागणे नॉर्मल आहे का, हस्तमैथुनाने वेड लागते का, असे ते प्रश्न. किन्सीने उत्तरासाठी ग्रंथालय धुंडाळले तर त्याला नीतीचे उपदेश आणि मनोविकारतज्ज्ञांनी लिहिलेल्या रुग्णकथा सापडल्या. सर्वसाधारण माणसे प्रत्यक्षात काय करतात याची मोजदाद जवळपास नव्हती. ज्या प्राण्याच्या शरीराची चिरफाड करून डॉक्टर तयार होतात, त्याच्या वर्तनाविषयी गांधीलमाशीपेक्षाही कमी माहिती! मग त्याने विद्यार्थ्यांच्याच मुलाखती घ्यायला सुरुवात केली. स्थानिक धर्मगुरू आणि काही डॉक्टर यांनी गिल्ला केला. कुलगुरू हर्मन वेल्स यांनी १९४०मध्ये त्याला सांगितले, की व्याख्यानमाला किंवा संशोधन यांतले एक निवडा. त्याने संशोधन निवडले. वेल्स मात्र नंतरच्या सगळ्या वादळांत त्याच्या पाठीशी उभे राहिले, हे त्यांच्या नावे लिहून ठेवले पाहिजे. १९४१पासून अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन मंडळाच्या एका समितीमार्फत रॉकफेलर फाउंडेशनचा पैसा मिळू लागला.

मुलाखतीची पद्धत शिकण्यासारखी होती. प्रश्नावली छापून वाटायची नाही; समोरासमोर बसून, दीड-दोन तास, तीनशे किंवा त्याहून अधिक मुद्दे विचारायचे. उत्तरे सांकेतिक चिन्हांत एकाच कागदावर टिपायची. त्या संकेतांची किल्ली मुलाखत घेणाऱ्या मोजक्या लोकांना तोंडपाठ असे. 'तुम्ही हे कधी केले आहे का?' असे तो विचारत नसे. 'पहिल्यांदा कितव्या वर्षी केले?' असे विचारी. म्हणजे नाही म्हणण्याचे काम समोरच्याचे. यामुळे लाजून लपवलेले बाहेर येते, हे खरे; पण न केलेलेही पदरात पडू शकते, असा आक्षेप टीकाकारांनी तेव्हाच घेतला. १९५६पर्यंत अशा सुमारे १८,००० मुलाखती झाल्या. त्यांतल्या आठ हजारांच्या आसपास एकट्या किन्सीने घेतल्या होत्या.

पहिल्या पुस्तकात ५,३०० पुरुषांची माहिती होती. हस्तमैथुन सुमारे ९२ टक्क्यांनी केलेले. ज्या गोष्टीने वेड लागते, दृष्टी जाते असे पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सांगितले गेले, ती जवळजवळ सगळ्यांनीच केलेली होती. या एका आकड्याने किती तरुणांच्या मनावरचे ओझे उतरले असेल, याची मोजदाद कोणत्याच कोष्टकात नाही. दुसरी गोष्ट, समलिंगी आणि भिन्नलिंगी असे दोन कप्पे न करता त्याने शून्य ते सहा अशी पट्टी आखली. पूर्ण भिन्नलिंगी ते शून्य, पूर्ण समलिंगी ते सहा, आणि मधल्या पायऱ्यांवरही माणसे होतीच. येथे गांधीलमाश्यांचा अभ्यासक बोलतो आहे.

आता त्या प्रसिद्ध दहा टक्क्यांकडे येऊ. किन्सीने लिहिले होते ते असे, की सोळा ते पंचावन्न या वयांच्या दरम्यान निदान तीन वर्षे ज्यांचे वर्तन जवळजवळ केवळ समलिंगी राहिले, असे पुरुष दहा टक्के. आयुष्यभर केवळ समलिंगी राहिलेले चार टक्के. छापील पानावरून वर्तमानपत्रात आणि तेथून लोकांच्या तोंडी जाताना यातले वय गळाले, 'तीन वर्षे' गळाली, 'जवळजवळ' गळाले. उरले ते 'दहापैकी एक'. पुढे समलिंगी व्यक्तींच्या हक्कांच्या चळवळीने हाच आकडा घोषणेसारखा वापरला आणि विरोधकांनी त्यालाच खोडून चळवळ खोटी ठरवण्याचा प्रयत्न केला. वास्तविक कोणाचा हक्क त्याच्यासारखी माणसे शेकडा किती आहेत यावर कसा अवलंबून असेल? पण आकड्याला एक वजन असते, आणि ते दोन्ही बाजूंना हवे होते.

मूळ प्रश्न वेगळाच होता: हे ५,३०० पुरुष होते कोण? ते सर्व गोरे होते. कृष्णवर्णीयांच्या मुलाखती झाल्या होत्या, पण कोष्टकांत त्या घेतलेल्या नाहीत. महाविद्यालयीन तरुण भरपूर होते. तुरुंगातील कैदीही त्यांत होते. आणि बहुतेक जण आपणहून तयार झालेले. एखाद्या क्लबातले किंवा वसतिगृहातले सगळेच्या सगळे सभासद तयार करून ही उणीव भरण्याचा किन्सीने प्रयत्न केला, पण तो क्लब किंवा वसतिगृह तरी चिठ्ठी टाकून थोडेच निवडलेले होते? मानसशास्त्रज्ञ अब्राहम मॅस्लो याने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या एका गटात तपासून दाखवले, की किन्सीकडे आपणहून जाणाऱ्यांचा आत्मविश्वास न जाणाऱ्यांपेक्षा अधिक असतो, आणि अशा लोकांच्या वर्तनातही फरक असतो.

राष्ट्रीय संशोधन मंडळाच्या समितीच्या विनंतीवरून अमेरिकन संख्याशास्त्र संघटनेने तिघांना तपासणीला पाठवले: विल्यम कॉक्रन, फ्रेडरिक मॉस्टेलर आणि जॉन टुकी. संख्याशास्त्रात याहून मोठी नावे त्या काळी अमेरिकेत शोधावीच लागली असती. त्यांचा अहवाल १९५४मध्ये पुस्तकरूपाने निघाला. त्यांनी किन्सीला झोडपले, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तसे नाही. आधीच्या सगळ्या पाहण्यांपेक्षा हे काम सरस आहे, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले. पण नमुना यादृच्छिक नसल्यामुळे हे आकडे सगळ्या अमेरिकेला लावता येणार नाहीत, निदान एक लहानसा यादृच्छिक नमुना घेऊन ताडून पाहावे, असे सुचवले. टुकी यांच्या नावावर तर असे सांगतात, की किन्सीने निवडलेल्या तीनशे माणसांपेक्षा चिठ्ठी टाकून काढलेली तीन माणसे मला चालतील.

किन्सीला हे पटले नाही. चिठ्ठीत नाव आलेल्या माणसाने 'मी सांगणार नाही' म्हटले तर काय करायचे, हा त्याचा प्रश्न अगदीच टाकाऊ नव्हता. पण नमुने जितके जास्त तितके सत्य जवळ, हा त्याचा विश्वास गांधीलमाश्यांवर पोसलेला होता. माशी 'मला गोळा करू नका' असे म्हणत नाही. माणूस म्हणतो, आणि जो म्हणतो तो न म्हणणाऱ्यासारखा नसतो. अशी त्रुटी नमुना दसपट केल्याने दसपट कमी होत नाही. ती तेवढीच राहते, फक्त तिच्यावरचा विश्वास वाढतो. हे वर्गात दाखवणे सोपे आहे. 'काल अभ्यासाला किती वेळ बसलात?' हे आधी हात वर करणाऱ्यांना विचारावे आणि मग हजेरीपटातले क्रमांक चिठ्ठ्या टाकून काढून त्यांना विचारावे. दोन्ही सरासऱ्या फळ्यावर शेजारी शेजारी लिहाव्यात.

एका बाबतीत मात्र किन्सीची बाजू घेता येत नाही. पहिल्या पुस्तकाच्या एका प्रकरणात लहान मुलांविषयी काही कोष्टके आहेत. ती माहिती मुलांवर अत्याचार करणाऱ्या माणसाच्या नोंदींवरून घेतलेली होती. पुस्तकात ती अनेक निरीक्षकांची म्हणून दिली. प्रत्यक्षात ती एकाच माणसाची होती, असे किन्सीच्या संस्थेच्याच संचालकांनी १९९५ साली जाहीर केले. गुप्ततेचे वचन मुलाखत देणाऱ्याला दिले होते हे मान्य केले, तरी ज्या मुलांची ती मोजमापे होती त्यांना कोणी काही विचारले नव्हते. आज कोणतीही नीतिसमिती असे काम एक दिवसही चालू देणार नाही.

दुसरे पुस्तक, 'मानवी मादीचे लैंगिक वर्तन', १४ सप्टेंबर १९५३ रोजी निघाले. त्यात ५,९४० स्त्रिया होत्या. या वेळी तुरुंगातील स्त्रियांना कोष्टकांतून वगळले होते, म्हणजे टीकेतून काही शिकणे झाले होते. नमुन्यातील विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्यांनी लग्नापूर्वी शरीरसंबंध ठेवला होता, हे वाचून अमेरिका खवळली. पुरुषांचे चालले होते. आया-बहिणींचे आकडे सोसेनात. पुढल्याच वर्षी करमुक्त प्रतिष्ठानांची चौकशी करणारी अमेरिकन संसदेची रीस समिती बसली आणि रॉकफेलर फाउंडेशनने किन्सीचे अनुदान थांबवले. परदेशातून अभ्यासासाठी मागवलेले साहित्य जकात खात्याने अश्लील म्हणून १९५०पासून अडकवले होते. त्या खटल्याचा निकाल १९५७मध्ये संस्थेच्या बाजूने लागला, पण तो ऐकायला किन्सी नव्हता. ऑगस्ट १९५६मध्ये, बासष्टाव्या वर्षी, तो वारला होता.

त्याच १९५३च्या ऑक्टोबरात मुंबईत रघुनाथ धोंडो कर्वे वारले. दोघांची गाठ कधी पडली नाही, पण अडचण एकच. गणिताचे प्राध्यापक असलेल्या कर्व्यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७पासून अखेरपर्यंत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवले. वाचकांच्या प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तरी दंड झालाच. ते प्रश्न इंडियानातले विद्यार्थी विचारत होते त्यांच्याच जातीचे होते. फरक एवढाच, की किन्सीमागे एक विद्यापीठ उभे होते आणि कर्व्यांमागे स्वतःच्या खिशाशिवाय काही नव्हते.

किन्सीच्या आकड्यांचा परिणाम कायद्यावरही झाला. अमेरिकन विधी संस्थेने १९५५मध्ये आदर्श दंडसंहितेच्या मसुद्यात, दोन प्रौढांनी खाजगीत संमतीने ठेवलेला संबंध गुन्हा मानू नये असे सुचवले. त्या चर्चेत किन्सीचा आधार घेतला गेला. इलिनॉय राज्याने १९६१मध्ये तसा कायदा केला. १९७९मध्ये संस्थेतील पॉल गेबहार्ड आणि सहकाऱ्याने कैदी व तशा इतर गटांच्या मुलाखती वेगळ्या काढून सगळी मूळ माहिती पुन्हा मोजून प्रसिद्ध केली.

टुकी यांना हवी होती तशी पाहणी व्हायला मात्र एड्सची साथ यावी लागली. विषाणूचा प्रसार किती वेगाने होईल हे सांगायचे तर कोणाचे किती जोडीदार असतात हे आधी कळले पाहिजे, आणि तेच कोणाला माहीत नव्हते. तरीही ब्रिटनमध्ये १९८९ साली थॅचर सरकारने अशा पाहणीला पैसे नाकारले. वेलकम ट्रस्टने ते दिले, आणि १८,८७६ लोकांच्या मुलाखतींचे निष्कर्ष १९९२मध्ये 'नेचर'मध्ये आले. अमेरिकेतही सरकारी पैसा संसदेत अडला. शेवटी खाजगी देणग्यांवर शिकागोच्या एडवर्ड लॉमन यांच्या गटाने १९९२मध्ये यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या ३,४३२ प्रौढांच्या मुलाखती घेतल्या. निवडलेल्यांपैकी सुमारे ७९ टक्के लोक बोलायला तयार झाले. किन्सीला अशक्य वाटले होते ते झाले. या पाहणीत स्वतःला समलिंगी किंवा उभयलिंगी म्हणवणारे पुरुष २.८ टक्के होते. पण वयात आल्यापासून निदान एकदा तरी समलिंगी संबंध आलेले सुमारे नऊ टक्के. प्रश्न बदलला की उत्तर तिपटीने बदलते. शिवाय दारात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसाला खरे सांगायचे टाळणारेही असतातच, त्यामुळे हे आकडे प्रत्यक्षाहून कमीच असण्याचा संभव अधिक.

इंडियानातली संस्था आजही चालू आहे. २०२३ साली त्या राज्याच्या विधिमंडळाने अर्थसंकल्पात कलम घालून राज्य सरकारचा पैसा तिच्यावर खर्च करण्यास मनाई केली.