क्रूझर की टूरर: बैठकीचा मागोवा

साखऱ्याहून सेनगाव, तिथून हिंगोली, कधी औंढा नागनाथचे दर्शन, तर कधी त्याही पलीकडचा पल्ला. अशा प्रवासासाठी मोटारसायकल घेणाऱ्यासमोर आज दोन बैठका असतात: पाय पुढे सोडून ऐसपैस बसायची क्रूझर आणि ताठ बसून मैल कापायची टूरर. आरामदायी कोणती, याचे उत्तर शोधायला आपण ज्या रस्त्यांनी या बैठका घडवल्या त्यांच्याकडे जाऊ.

१८८५ मध्ये गॉटलीब डाइमलर यांनी लाकडी सांगाड्यावर इंजिन बसवले, तेव्हा वाहन चालले हेच पुष्कळ होते. आरामाचा विचार पुढे झाला. अमेरिकेत १९०१ साली इंडियन आणि १९०३ साली हार्ले-डेव्हिडसन यांची सुरुवात झाली. तिथली गावे दूरदूर, रस्ते सरळ आणि कच्चे. म्हणून मोठे इंजिन, स्प्रिंगवरची रुंद खोगिरासारखी सीट आणि पाय टेकायला फळ्या असे रूप तिथे रुजले. १९२२ ची ‘इंडियन चीफ’ त्याच घडणीची. युरोपात वळणाचे रस्ते होते. १९२३ च्या बीएमडब्ल्यू आर-३२ सारख्या गाड्यांवर स्वार पाय अंगाखाली घेऊन बसे. दोन्ही घराणी १९७० च्या दशकात स्पष्ट वेगळी झाली. १९७१ मध्ये विली जी. डेव्हिडसन यांची ‘सुपर ग्लाइड’ आली आणि क्रूझरला कारखान्यातच आकार मिळाला. १९७४ मध्ये होंडाने ‘गोल्ड विंग’ दाखवली. स्वार तिला वारा अडवणारे कवच बाहेरून बसवून घेत. १९७६ च्या बीएमडब्ल्यू आर-१०० आरएसला ते कवच कारखान्यातूनच लाभले. टूररची ओळख इथे पक्की झाली.

आपल्याकडे १९५५ मध्ये मद्रासला एनफिल्ड इंडिया उभी राहिली. बुलेटच्या ताठ बैठकीने शेतरस्ता आणि हमरस्ता दोन्ही सांभाळले, त्यामुळे निवडीचा प्रश्नच नव्हता. १९८५ मध्ये औरंगाबादजवळ वाळूजला बजाजचा कारखाना सुरू झाला आणि दुचाकीचे मोठे उत्पादन मराठवाड्याच्या अंगणात आले. मात्र त्या काळात ग्राहकाची नजर मायलेजवर होती. २००१ मध्ये बजाजने कावासाकीची ‘एलिमिनेटर’ आणली. तिचे इंजिन १७५ सीसीचे आणि किंमत अनेकांच्या आवाक्याबाहेरची. २००५ मध्ये तेच रूप घेऊन, पल्सरचे १८० सीसी इंजिन लावून ‘ॲव्हेंजर’ अवतरली आणि क्रूझर मध्यमवर्गाच्या दारात आली. पुढे तिचे इंजिन २००, मग २२० सीसीचे झाले. खरे वळण २०१४ च्या ग्रेटर नोएडातील ऑटो एक्स्पोत येते. तिथे बजाजने ‘सीएस ४००’ हे प्रतिरूप मांडले. नावातच क्रूझर आणि स्पोर्ट एकत्र होते. डिसेंबर २०१६ मध्ये त्यातूनच ‘डॉमिनार ४००’ झाली आणि २०२१ पासून तिला वाराकाच, हाताची कवचे व सामानाचा कॅरियर कारखान्यातूनच मिळू लागले. क्रूझरच्या पोटी टूरर जन्मली, असे आपण म्हणू शकतो.

या वंशावळीचा अर्थ अंगाला कळतो. ॲव्हेंजरची सीट ७३७ मिलिमीटर उंचीची, डॉमिनारची ८००. कमी उंचीच्या माणसाला बाजारातल्या गर्दीत ॲव्हेंजरवर दोन्ही पाय सहज टेकतात, हा तिचा मोठा गुण. पण पाय पुढे असल्याने अंगाचा भार बहुतेक माकडहाडावर येतो. खड्ड्याचा धक्का सरळ पाठीच्या कण्यात जातो, कारण पायांवर जोर देऊन उठता येत नाही. वेग वाढला की छातीवर आदळणारा वारा हातांना ओढतो. टूररवर पाय अंगाखाली असतात. गतिरोधक दिसला की अंग जरा उचलावे. अर्धा धक्का गुडघेच झेलतात.

शेजारच्या वाशीम जिल्ह्यातून जाणारा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला, परंतु दुचाकीला तिथे बंदी आहे. ज्या सरळ, अखंड रस्त्यावर क्रूझरची बैठक शोभते, तो आपल्याला बंद आहे. साखऱ्याच्या स्वाराच्या वाट्याला गतिरोधक, खचलेल्या कडा आणि हळदीच्या हंगामात बाजाराकडे निघालेले ट्रॅक्टर येतात. म्हणून माझे मत स्पष्ट आहे: तासा-दोन तासांचा फेरा आणि उंचीची अडचण असेल तर क्रूझर खुशाल घ्यावी; दिवसभराचा पल्ला गाठायचा असेल तर टूररच घ्यावी. आराम सीटच्या गादीवर जोखू नये. रोजच्या रस्त्यावर तासभर चालवून पाहावी आणि मगच पैसे मोजावेत.