मीट द रॉबिन्सन्स
वॉल्ट डिस्ने स्टुडिओचा संगणकनिर्मित ॲनिमेशनपट. दिग्दर्शक स्टीफन अँडरसन, अमेरिकेत प्रदर्शन ३० मार्च २००७. आधार विल्यम जॉइस यांच्या 'अ डे विथ विल्बर रॉबिन्सन' (१९९०) या चित्रपुस्तकाचा. पुस्तकात एका विक्षिप्त घरात आजोबांची हरवलेली कवळी शोधली जाते. अनाथाश्रमातल्या मुलाची कथा ही चित्रपटाची भर. अँडरसन स्वतः दत्तक गेलेले.

बारा वर्षांचा लुईस सतत काहीतरी शोध लावत असतो. दत्तक घेऊ पाहणाऱ्या १२४ जोडप्यांसमोर तो बसला, जमले कुठेच नाही. एकदा पीनट बटर नि जॅम पावावर उडवणारे त्याचे यंत्र बिघडले आणि सगळा मारा शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या पाहुण्यावर झाला. आईचा चेहरा आठवावा म्हणून तो स्मृती वाचणारे यंत्र बनवतो. विल्बर नावाचा मुलगा मात्र त्याला कालयानातून भविष्यात, रॉबिन्सनांच्या घरी नेतो.

तिथे जेवणाच्या टेबलावर त्याचे यंत्र पुन्हा फसते आणि घर टाळ्या वाजवते. चाकण-भोसरीच्या शॉपफ्लोअरवर दिवस काढणाऱ्या प्रेक्षकाला हे गमतीचे वाटेल. तिथे फसलेला पीस लाल क्रेटमध्ये जातो आणि रिजेक्शनचे कारण द्यावे लागते. चित्रपटही इतका भोळा नाही. खलनायकाला नाचवणारी रोबो-हॅट डोरिस हा लुईसने मोठेपणी लावलेला नि रद्द केलेलाच शोध आहे.

खलनायक म्हणजे लुईसचा खोलीतला सोबती गूब. लुईसच्या रात्रभरच्या खटपटीने त्याची झोप झाली नाही, सामन्यात डुलकी लागून झेल सुटला, आणि तो सल त्याने आयुष्यभर जपला. कथेतले सर्वांत खरे माणूस हेच. कालप्रवासाचे गणित मात्र ढिले आहे. जयंत नारळीकरांच्या 'गंगाधरपंतांचे पानिपत'मध्ये पर्यायी इतिहासाला विज्ञानाचे स्पष्टीकरण मिळते. इथे एक गोष्ट बदलली की भविष्य तिथल्या तिथे पालटते.

२००६ मध्ये डिस्नेने पिक्सार घेतल्यावर जॉन लॅसेटर यांच्या सूचनांनुसार चित्रपटाचा मोठा भाग नव्याने केला गेला, खलनायक अधिक धारदार झाला. संगीत डॅनी एल्फमन यांचे.

शेवटी विल्बर लुईसला त्या पावसाळी रात्री नेतो. आई बाळाला पायरीवर ठेवून निघते. लुईस तिच्या खांद्याकडे हात नेतो आणि मागे घेतो.