उजनीचा काठ खचतोय, आणि ही गोष्ट १९८० पासूनची आहे

किनाऱ्याची धूप म्हटलं की आपल्याला कोकण आठवतं. पण मंडळी, आपल्या इंदापूर तालुक्यालाही किनारा आहे. उजनीचा. आणि तोही खचतोय.

१९८० साली उजनी धरणात भीमेचं पाणी अडलं. साठा ११७ टीएमसी. पाण्याचा मोठा लाभ सोलापूरला झाला, पण जमीन इंदापूर, करमाळा, दौंडचीही बुडाली. नदीकाठची काळी कसदार रानं गेली, गावठाणं गेली. पळसदेवचं पळसनाथ मंदिर त्यातलंच. पाणी फार खाली गेलं की ते वर येतं आणि आपण फोटो काढायला पळतो. काठाकडे मात्र कुणी बघत नाही.

नदीचा काठ शेकडो वर्षांत तयार होतो. हा काठ थेट लोकांच्या रानातून गेला. ती माती लाटा झेलायला कधी नव्हतीच. पावसाळ्यात पाणी चढतं, काळी माती फुगते. उन्हाळ्यात उतरतं, तिला भेगा पडतात. वाऱ्याच्या लाटा खालून पाय खातात आणि वरचं ढेकूळ पाण्यात जातं. दरवर्षी हेच.

दुसरं कारण माणसाचं : वाळू. वर पानशेत, खडकवासला, चासकमान, डिंभे अशी धरणं. नवी वाळू बरीचशी तिथंच अडते. खाली उरली ती जुन्या पात्रातली, आणि तीही बोटी लावून उपसली जाते. महसूलचं पथक येतं, बोटी स्फोटानं उडवतं. काही दिवसांनी पुन्हा आवाज सुरू. काठाजवळ खोल खड्डा झाला की काठ त्यात घसरणारच. छोट्या वाळूपट्ट्यालाही पर्यावरण परवानगी हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्येच सांगितलंय. रात्रीच्या बोटींना कोण विचारतो?

यात जातं कुणाचं? ज्यांनी एकदा धरणाला जमीन दिली, त्यांच्याच उरलेल्या तुकड्याचं. गाळपेर करणाऱ्यांचं, मासेमारांचं. भिगवण-कुंभारगावच्या उथळ काठावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांचंसुद्धा.

संपादनाच्या वेळी जमिनीची मोजणी झाली होती. आता काठाची पुन्हा मोजणी करा, एवढीच मागणी ग्रामसभेतून ठरावानं जलसंपदा विभागाकडे गेली पाहिजे. तोवर आपण एक करू. काठच्या गावातल्या जुन्या माणसांना विचारा, १९८० ला पाणी कुठवर होतं आणि आज कुठवर आलंय. उत्तर खाली लिहा, गावाच्या नावासह.