देवगिरी, दिल्ली आणि एका सुलतानाचा खून : खुस्रो खानाचे प्रकरण

१/ इ.स. १३२० च्या जुलै महिन्यातील एका रात्री दिल्लीच्या ‘हजार सुतून’ म्हणजे हजार खांबी महालात सुलतान कुत्बुद्दीन मुबारकशाह खिलजी याचा खून झाला. खून घडवून आणणारा माणूस सुलतानाचा वजीर होता, सेनापती होता आणि त्याचा प्रियकरही होता. त्याचे नाव खुस्रो खान. या प्रकरणाचे काही महत्त्वाचे धागे महाराष्ट्रात, देवगिरीच्या परिसरात सापडतात. म्हणून हा धागा.

२/ आधी देवगिरीचे यादव. राजा रामचंद्रदेवाच्या १३१० सालच्या पुरुषोत्तमपुरी ताम्रपटात त्याच्या विजयांची यादी आहे. तीत भांडागार आणि वज्राकर येथील राजांचा पराभव केल्याचा उल्लेख येतो. अभ्यासक ही ठिकाणे आजचे भंडारा आणि वैरागड मानतात. वैनगंगेकाठचे लाखांदूर या दोहोंच्या मधल्या टापूत येते. यादवसत्तेचा हात इतक्या पूर्वेपर्यंत पोहोचला होता. परंतु ताम्रपट कोरला गेला, त्या वेळी हा राजा स्वतःच दिल्लीचा मांडलिक झालेला होता.

३/ १२९६ मध्ये अलाउद्दीन खिलजीने देवगिरी लुटली. पुढे मलिक काफूरच्या स्वारीनंतर रामचंद्रदेवाने दिल्लीचे स्वामित्व स्वीकारले. त्याची कन्या झट्यापाली अलाउद्दीनच्या जनानखान्यात गेली. जानेवारी १३१६ मध्ये अलाउद्दीन वारल्यावर काफूरने तिचा लहानगा मुलगा शिहाबुद्दीन उमर याला तख्तावर बसवले. म्हणजे काही आठवडे दिल्लीच्या गादीवर देवगिरीच्या यादवांचा नातू होता! खरी सत्ता अर्थातच काफूरच्या हाती होती.

४/ काफूरने अलाउद्दीनच्या मोठ्या मुलांचे डोळे काढवले. मुबारक कैदेत होता. त्याच्यावर पाठवलेले पाईक मात्र उलटले. त्यांनी परत जाऊन काफूरलाच ठार केले. मुबारक प्रथम धाकट्या भावाचा पालक झाला आणि एप्रिल १३१६ मध्ये स्वतः सुलतान झाला. वय सतरा-अठरा. त्या लहान भावाला आंधळे करून ग्वाल्हेरच्या किल्ल्यात धाडण्यात आले. प्रेमकथेचा एक नायक कोणत्या शाळेत घडला, हे एवढ्यावरून कळावे.

५/ आता दुसरा नायक. १३०५ मध्ये खिलजी फौजांनी माळवा जिंकला, तेव्हा युद्धकैदी म्हणून दोन भाऊ दिल्लीत आणले गेले. ते गुलाम झाले, त्यांचे धर्मांतर झाले आणि त्यांना हसन व हुसामुद्दीन ही नावे मिळाली. तवारिखा त्यांच्या मूळ जमातीला ‘बरादू’ किंवा ‘परवारी’ म्हणतात. ही जमात नेमकी कोणती, यावर इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. नव्या सुलतानाचे मन हसनवर जडले. त्याने हसनला ‘खुस्रो खान’ हा किताब दिला, काफूरची फौज व जहागीर दिली आणि लवकरच वजिरीही दिली.

६/ हे संबंध गुप्त नव्हते. त्या काळातील प्रमुख इतिहासकार झियाउद्दीन बरनी याने ते उघडपणे, निषेधाच्या सुरात, नोंदवले आहेत. सुलतान खुस्रोशिवाय क्षणभर राहू शकत नसे, असे त्याच्या वर्णनावरून दिसते. मात्र येथे एक प्रश्न बाजूला सारता येत नाही. एक जण तख्तावर बसलेला आणि दुसरा त्याच्या मालकीचा युद्धकैदी. अशा नात्यात गुलामाच्या होकाराला कितपत अर्थ असतो? बरनीच म्हणतो की, खुस्रोला या संबंधाची आतून चीड होती. ती गोष्ट खरी की शत्रूने मागाहून चिकटवलेली, हे पुढे तपासू.

७/ इकडे देवगिरीत रामचंद्रदेवाचा जावई हरपालदेव याने दिल्लीचे जोखड झुगारले होते. मुबारक स्वतः दक्षिणेत उतरला. खुस्रो खान बरोबर होताच. १३१८ मध्ये हरपालदेव पकडला गेला आणि त्याला अत्यंत क्रूरपणे ठार करण्यात आले. यादवांच्या सत्तेचा तो शेवट. दौलताबादची जामी मशीद याच मुबारकशाहने बांधवली, असे मानले जाते. तिच्या सभामंडपातील मंदिरांचे जुने खांब आजही पाहायला मिळतात.

८/ देवगिरीहूनच खुस्रोला वरंगळच्या काकतीय राजावर पाठवले गेले. तेथून तो खंडणी घेऊन यशस्वी होऊन परतला. तो नुसता लाडका नव्हता, सेनानीही होता, हे विसरता कामा नये. दरम्यान दिल्लीच्या परतवाटेवर सुलतानाच्या चुलत घराण्यातील असदुद्दीनचा कट उघडकीस आला. मुबारकने त्याला आणि त्याच्या नातलगांना संपवले. ग्वाल्हेरच्या कैदेतील आंधळे भाऊही मारले गेले. त्यांत झट्यापालीचा मुलगाही होता. खिलजी घराण्यातील वारस आता कमी होत चालले होते.

९/ पुढची मोहीम माबारची, म्हणजे आजच्या तमिळनाडूच्या किनाऱ्याची. येथे खुस्रोने एका धनाढ्य मुस्लिम व्यापाऱ्याची संपत्ती हिसकावली. पावसाळ्यामुळे फौज अडकून पडली. बरोबरच्या सरदारांना संशय आला की, हा दिल्लीला परतणार नाही, दक्षिणेतच स्वतंत्र होईल. चंदेरीचा मलिक तमर आणि मलिक तल्बगा यांनी तसे सुलतानाला कळवले. राजद्रोहाचा आरोप होता. त्या काळी त्याची शिक्षा एकच असे.

१०/ येथे कथा वळते. सुलतानाने खुस्रोला बोलावून घेतले, पण बेड्या घालून नव्हे. देवगिरीहून पालखीत बसवून, टप्प्याटप्प्यावर भोई बदलत, शक्य तितक्या त्वरेने त्याला दिल्लीला आणवले. बरनी म्हणतो, सात दिवसांत. हजार किलोमीटरहून अधिक वाटेसाठी हा आकडा जपूनच घ्यावा. परंतु घाई कशाची होती, हे त्यावरून कळते. सुलतानाला चौकशी करायची नव्हती. त्याला तो माणूस हवा होता.

११/ खुस्रोने एकांतात सांगितले की, सरदार मत्सराने खोटे बोलत आहेत. सुलतानाने विश्वास ठेवला. मग सरदार दिल्लीत पोहोचले आणि आरोपांवर ठाम राहिले. शिक्षा त्यांनाच झाली. तमरची चंदेरी काढून घेतली, त्याला दरबारबंदी झाली. तल्बगाला मारहाण करून तुरुंगात टाकले. त्याआधी खुस्रोच्या भावाने गुजरातमध्ये बंड केले होते, तेव्हा तोही असाच सुटला होता. प्रेमाने दुसरी संधी दिली. तिची किंमत निष्ठेने खबर देणाऱ्यांनी मोजली. त्या दिवसापासून दरबारात सुलतानाला सावध करण्यात कोणाचाच फायदा उरला नाही.

१२/ खुस्रोची पुढची मागणी साधी वाटावी अशी होती. इतर सरदारांना आपापले भाऊबंद आणि स्वतःची माणसे आहेत, मला कोणी नाही, माझ्या जमातीची माणसे भरती करू द्या. परवानगी मिळाली. हजारो बरादू शिपाई जमा झाले. पुढे त्यांना रात्री महालात प्रवेशही मिळाला. सुलतानाचा जुना शिक्षक काझी झियाउद्दीन याने धोक्याची सूचना दिली. सुलतानाने ती जशीच्या तशी खुस्रोला सांगितली. खुस्रो रडला. सुलतानाने त्याची समजूत काढली. विषय संपला.

१३/ त्या रात्री पहिला बळी काझीचाच गेला. खुस्रोच्या मामाने त्याला विडा देऊ केला आणि जाहरिया नावाच्या साथीदाराने वार केला. वरच्या मजल्यावर गलबला ऐकू गेला. सुलतानाने विचारले, तेव्हा घोडे सुटले आहेत, त्यांना धरण्याची धावपळ चालली आहे, असे खुस्रोने सांगितले. मारेकरी वर आले. सुलतान जनानखान्याकडे धावला. खुस्रोने मागून त्याचे केस पकडले आणि जाहरियाने घाव घातला. शिर खाली चौकात फेकण्यात आले.

१४/ खुस्रो ‘नासिरुद्दीन’ या नावाने तख्तावर बसला. राज्य टिकले सुमारे दोन महिने. दिपालपूरचा सुभेदार गाझी मलिक याने त्याच्याविरुद्ध मोहीम उघडली. त्याचा मुलगा जौना, म्हणजे पुढचा महंमद तुघलक, दिल्लीहून निसटून बापाला मिळाला होता. सप्टेंबर १३२० मध्ये खुस्रो हरला, पकडला गेला आणि त्याचा शिरच्छेद झाला. गाझी मलिक ‘घियासुद्दीन तुघलक’ म्हणून सुलतान झाला. खिलजी संपले, तुघलक आले.

१५/ आता तपास. सुलतानाच्या खुनाची रीतसर चौकशी कधी झाली नाही. जो जिंकला, त्याने निकाल दिला. म्हणून साक्षीदार तपासण्याचे काम इतिहासाच्या विद्यार्थ्यावर येते. साक्षीदार प्रामुख्याने तीन.
अमीर खुस्रो : मुबारकच्या हयातीत त्याच्यासाठी ‘नुह सिपिहर’ लिहिणारा आणि खुनानंतर विजेत्यासाठी ‘तुघलकनामा’ लिहिणारा दरबारी कवी.
इसामी : घटनेच्या वेळी लहान मूल. पुढे दौलताबादेत राहून १३५० च्या सुमारास बहामनी सुलतानासाठी ‘फुतूह-उस्-सलातीन’ रचणारा.
बरनी : १३५७ च्या सुमारास, म्हणजे घटनेनंतर ३७ वर्षांनी लिहिणारा.

१६/ सर्वाधिक तपशील बरनीचा आणि सर्वाधिक पूर्वग्रहही त्याचाच. तो सतरा वर्षे महंमद तुघलकाच्या पदरी होता. शिवाय हलक्या कुळातील माणसाला अधिकार देऊ नये, हे त्याचे ठाम तत्त्व होते. ‘फतावा-ए-जहांदारी’ या ग्रंथात त्याने ते सविस्तर मांडले आहे. त्याच्या दृष्टीने खुस्रोचा सर्वांत मोठा अपराध खून हा नव्हताच. गुलाम, नवमुस्लिम आणि ‘नीच’ जमातीचा असून तो तख्ताजवळ पोहोचला, हा होता. बंद दाराआडचे संवाद आणि खुस्रोच्या मनातली चीड बरनीला कशी कळली, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

१७/ दुसरा दावा असा की, हे बंड इस्लामविरोधी होते. महालात मूर्तिपूजा सुरू झाली, असे बरनी लिहितो. परंतु खुस्रोने इस्लामी किताब घेतला आणि त्याच नावाची नाणी पाडली. अनेक मुस्लिम सरदार त्याच्या बाजूने राहिले. गाझी मलिकने मदतीसाठी पत्रे धाडली, तेव्हा सगळे सुभेदार धावून आले नाहीत. मुलतानच्या सुभेदाराने तर साफ नकार दिला आणि त्यात त्याचा जीव गेला. धर्मयुद्धाचे चित्र विजेत्याला सोयीचे होते. प्रत्यक्षात हा सत्तेचा झगडा होता.

१८/ तिसरा, आजही ऐकू येणारा निष्कर्ष म्हणजे ‘सुलतानाच्या समलिंगी प्रेमाने खिलजी घराणे बुडाले’. हिशेब मांडून पाहावा. मुबारकने बापाचे कठोर बाजारनियम सैल केले, कैदी सोडले, दरबाराचा धाक गेला. काही भाऊ व चुलत घराणे त्याने स्वतः मारले, म्हणून त्याच्यामागे सूड घेणारे किंवा गादी सांभाळणारे खिलजी कमी उरले. मारेकऱ्यांवर फितूर झालेल्या पाईकांच्या बळावर तो गादीवर आला होता आणि महालातल्या शिपायांच्याच हातून गेला. आंधळा विश्वास राणीवर असता, मेहुण्यावर असता, तरी शेवट फार वेगळा होता ना.

१९/ समलिंगी प्रेम ही अलीकडची, बाहेरून आलेली गोष्ट आहे, असे म्हणणाऱ्यांसाठी हा पुरावा पुरेसा आहे. रूथ वनिता आणि सलीम किदवई यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या भारतातील समलिंगी प्रेमाच्या साहित्यसंग्रहात बरनीचा हा भागही आहे. उलट बाहेरून आला तो ब्रिटिशांच्या १८६० च्या दंडसंहितेतील कलम ३७७ चा गुन्हा. प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरता तो ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला. त्या निकालाचा कणा असलेला शब्द होता संमती. नेमका तोच शब्द हसनच्या कथेत कोठे बसवावा, हे कळत नाही.

२०/ मुबारकच्या बाजूने पाहिले, तर ज्याला आप्तांमध्ये केवळ मारेकरी दिसले, त्याने एकाच माणसावर विश्वास टाकला आणि तो फसला. हसनच्या बाजूने पाहिले, तर घरातून उचलून आणलेला, नाव आणि धर्म बदललेला एक मुलगा दिसतो. पालखीतून दिल्लीकडे नेला जात असताना पुढे मिठी आहे की फास, हे त्याला ठाऊक नव्हते. त्याने स्वतः लिहिलेली एकही ओळ उपलब्ध नाही. त्याच्याबद्दलचा बराचसा मजकूर त्याचे डोके उडवणाऱ्यांच्या सत्तेखाली लिहिला गेला. खून त्याने केला, यात शंका नाही. का केला, याचे बरनीने दिलेले उत्तर मान्य करण्यापूर्वी आरोपीची बाजू कधी नोंदवलीच गेली नव्हती, एवढे लक्षात ठेवावे.