हकिमांची परिषद आणि मुंबईचा कायदा

मुसलमान वैद्यक-व्यावसायिकांची संघटना म्हटली की ती धर्माच्या नावाने उभी राहिली असणार, असे आपण धरूनच चालतो. कागदपत्रांचा क्रम लावून पाहिला, तर तिचे मूळ मुंबई इलाख्याच्या कायदेमंडळात, डॉक्टरांच्या नोंदणीच्या एका विधेयकात सापडते. म्हणून ही कथा दिल्लीची तितकीच रत्नागिरीचीही आहे. इलाख्याचा कायदा गिरगावात लागू झाला, तसा मिरकरवाड्यात, राजिवड्यात आणि खाडीकाठच्या मोहल्ल्यांतही लागू झाला.

त्याआधी हकिमी, म्हणजे युनानी वैद्यक, हा घराण्याचा धंदा होता. नाडी पाहण्याचे कसब, माजून आणि खमीरे बनवण्याच्या कृती, नुस्ख्यांच्या वह्या हे सारे बापाकडून मुलाकडे जायचे, आणि शेजारच्या हकिमाला त्यातले काही कळू नये याचीच काळजी जास्त. वैद्यांचेही फारसे वेगळे नव्हते. अशा माणसांना संघटना कशाला लागते? विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांनी एकत्र यायला सुरुवात केली ती आपापल्या विद्येची घडी नीट बसवण्यासाठी, आणि तीही वेगवेगळ्या मांडवांत. दिल्लीच्या हकीम अजमल खान यांच्या पुढाकाराने 1906 मध्ये हकिमांची तिब्बी परिषद निघाली. 1907 मध्ये शंकर दाजीशास्त्री पदे यांनी नाशिकला वैद्यांचे संमेलन भरवले, त्यातून अखिल भारतीय आयुर्वेद महासंमेलन उभे राहिले. हकीम हकिमांत, वैद्य वैद्यांत. इथवर पाहिले तर धर्माने पाडलेली विभागणी, असेच कुणीही म्हणेल.

मग 1910 साली मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचे विधेयक पुढे आले. नोंदवहीत जागा फक्त पाश्चात्त्य वैद्यकाच्या पदवीधरांना. वैद्य आणि हकीम बाहेर. त्याच वर्षी अजमल खानांनी दिल्लीत वैद्य आणि हकीम या दोघांची मिळून परिषद बोलावली, आणि विरोधाचा मुख्य विषय होता मुंबईचे हे विधेयक. इथे एक आक्षेप हमखास घेतला जातो, आणि तो वजनदार आहे: या कायद्याने कुणाला औषध द्यायला बंदी केलीच नव्हती, मग एवढे घाबरण्याचे कारण काय? 1912 मध्ये संमत झालेल्या कायद्याने बंदी घातली नाही, हे खरेच. पण कायद्याने जिथे डॉक्टरचा दाखला लागतो, तिथे नोंदणी नसलेल्याचा दाखला चालेनासा झाला. सरकारी दवाखान्यातली नोकरीही नोंदलेल्यालाच. गावात पिढ्यानपिढ्या नाडी पाहणाऱ्या हकिमाचे औषध रोग्याला चालणार, पण त्याने लिहून दिलेला आजारपणाचा कागद कचेरीत चालणार नाही. रोगी तेवढ्याने तुटत नाही, पत मात्र जाते. शिवाय झळ नोंदणी झालेल्यांपर्यंतही पोचली. मुंबईतल्या एका आयुर्वेद कॉलेजशी संबंध ठेवल्यावरून एका पदवीधर डॉक्टरवर मेडिकल कौन्सिलने कारवाई केली. दोन्ही विद्यांमधला पूलच त्यामुळे तुटायला आला. नाशिकचा वैद्य आणि दिल्लीचा हकीम एका बाकावर बसले, कारण कायद्याने दोघांना एकाच दाराबाहेर उभे केले होते.

दुसरा आक्षेप असा की हे सारे राजकारण होते: अजमल खान पुढे काँग्रेसचे अध्यक्ष झाले, तेव्हा वैद्य-हकिमांची युती म्हणजे हिंदू-मुस्लिम ऐक्याचेच एक रूप. तारखा या तर्काच्या आड येतात. परिषद 1910 ची. खिलाफत आणि असहकार त्यानंतर जवळजवळ दशकभराने आले, आणि अजमल खान काँग्रेसचे अध्यक्ष झाले 1921 च्या अहमदाबाद अधिवेशनात. त्याच वर्षी 13 फेब्रुवारीला दिल्लीच्या आयुर्वेदिक आणि युनानी तिब्बिया कॉलेजचे उद्घाटन गांधीजींच्या हस्ते झाले, पण त्या इमारतीची कोनशिला 1916 मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी बसवली होती. व्हाइसरॉयकडून पाया आणि गांधींकडून दार उघडून घेणारा माणूस धंद्याचे हित पक्के ओळखत होता, असे मला वाटते. आणि सगळे हकीम त्याच्यामागे होते असेही नाही. लखनौच्या अझीझी घराण्याला ही सरमिसळ मानवली नाही. आपली विद्या निर्भेळ राहावी, असा त्यांचा आग्रह होता. एकाच धर्माची माणसे इतकी फाटतात, तेव्हा बांधणारा धागा धर्माचा होता असे कसे म्हणावे?

बाहेर ठेवलेल्यांना आत घेणारा कायदाही मुंबईनेच केला. 1937 मध्ये इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले, त्याचे प्रमुख बाळ गंगाधर खेर हे जन्माने रत्नागिरीचे. आरोग्य खाते पारशी हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर यांच्याकडे. त्यांच्या कारकिर्दीत 1938 चा बॉम्बे मेडिकल प्रॅक्टिशनर्स अॅक्ट झाला आणि वैद्य-हकिमांची सरकारी नोंद सुरू झाली. शिकून पात्र ठरलेल्यांसाठी नोंदवही आणि पदवी नसलेल्या जुन्या व्यावसायिकांसाठी वेगळी यादी, ही त्यातली तोड मला फार शहाणपणाची वाटते. घराण्यात शिकलेल्या म्हाताऱ्या हकिमाला परीक्षेला न बसवता सामावून घेण्याचा तो मार्ग होता.

दार उघडल्यावर बाक रिकामे होऊ लागले, हेही त्याच तर्काला धरून आहे. स्वातंत्र्यानंतर युनानीवाल्यांची अखिल भारतीय परिषद पुन्हा स्वतंत्र झाली, हमदर्द दवाखान्याच्या हकीम अब्दुल हमीद यांच्या नेतृत्वाखाली. अमेरिकेत 1967 साली मुसलमान डॉक्टरांनी काढलेल्या इस्लामिक मेडिकल असोसिएशनचे नाव इथे कुणी पुढे करील. ती संघटना खरोखरच धर्माच्या नावाची; पण तिचे सभासद आधुनिक वैद्यकाचे, परक्या देशात गेलेले. त्यांची नोंदणी कुणी नाकारली नव्हती. ते कूळ वेगळे.

महाराष्ट्रात मात्र जुना जोड पुरता सुटला नाही. आयुर्वेदाचे बीएएमएस आणि युनानीचे बीयूएमएस डॉक्टर आजही निमा या एकाच संघटनेत बसतात. 1938 च्या कायद्याची जागा 1961 च्या महाराष्ट्राच्या कायद्याने घेतली, आणि रत्नागिरीत पाटी लावणाऱ्या वैद्याची व युनानी डॉक्टरची नोंद मुंबईच्या एकाच कौन्सिलमध्ये, महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनमध्ये होते.