ढालीवरची ओळख : आबिड्स ते जुने गोवे

हैदराबादच्या आबिड्स चौकातून थोडे पुढे गेले की किंग कोठी लागते. निजामशाहीचे सातवे आणि शेवटचे सत्ताधीश मीर उस्मान अली खान यांचे हे निवासस्थान. ते २४ फेब्रुवारी १९६७ रोजी वारले, आणि कोठीसमोरच्याच मशिदीच्या आवारात त्यांचे दफन झाले. या वास्तूच्या नावामागे एक कथा सांगितली जाते. वाडा मूळचा कमाल खान नावाच्या अमिराचा. त्याने दारे, खिडक्या आणि जाळ्यांवर आपल्या नावाची ‘के. के.’ ही इंग्रजी आद्याक्षरे कोरून घेतली होती. वाडा निजामाकडे आला तेव्हा दुसऱ्याच्या नावाची खूण दारोदारी मिरवणाऱ्या घरात राज्यकर्त्याने राहणे शोभेना. अक्षरे खोडण्याऐवजी वाड्याचेच नाव ‘किंग कोठी’ ठेवण्यात आले. अक्षरे तीच राहिली आणि त्यांचा अर्थ बदलला.

कथेतला तपशील कितीही रंगवलेला असो, तिच्या मुळाशी असलेला प्रश्न खरा आहे. खूण कोणाची, ती कोणी वापरावी आणि मालक बदलल्यावर तिचे काय करावे? युरोपात या प्रश्नाभोवती आठशे वर्षांत एक स्वतंत्र विद्या उभी राहिली. मराठीत तिला कुलचिन्हविद्या म्हणता येईल. दख्खन आणि गोवा या दोन्ही भूमींवर तिच्या खुणा आजही शाबूत आहेत.

पूर्ण मानचिन्ह म्हणजे काय?

बाराव्या शतकात युरोपातील सरदार डोक्यापासून पायापर्यंत लोखंडात झाकले जाऊ लागले. शिरस्त्राणाआड चेहरा दिसेना, तेव्हा ओळख ढालीवर आली. हळूहळू ढालीवरचे चित्र वडिलांकडून मुलाकडे जाऊ लागले आणि व्यक्तीची खूण कुळाची झाली. तरीही एका वेळी एका माणसाचे चिन्ह दुसऱ्याच्या चिन्हापासून वेगळे असावे, हा दंडक राहिला. थोरला मुलगा, धाकटा मुलगा, चुलत घराणे यांच्या ढालींत लहानसा का होईना, भेद केला जाई.

ढाल हा मानचिन्हाचा गाभा. तिच्यावर शिरस्त्राण, त्यावर तुरा, शिरस्त्राणामागून दोन्ही बाजूंना लोंबणारे फाटलेल्या वस्त्राचे झालरीसारखे पदर, ढाल सावरून धरणारे दोन प्राणी वा पुरुष आणि खाली पट्टीवर लिहिलेले ब्रीद असा सारा सरंजाम जमला की त्याला पूर्ण मानचिन्ह म्हणतात. ढाल पुष्कळांना मिळे. ती सावरणारे प्राणी मात्र वरच्या दर्जाच्या मानकऱ्यांसाठीच राखून ठेवण्याची प्रथा अनेक देशांत पडली. त्यामुळे जाणकाराला केवळ चित्र पाहून मालकाचे नाव, घराणे आणि दर्जा हे तिन्ही सांगता येत.

रंगांचा नियम तर अगदी व्यवहारी. सोने आणि रुपे, म्हणजे पिवळा आणि पांढरा, हे ‘धातू’. तांबडा, निळा, काळा, हिरवा आणि जांभळा हे ‘रंग’. धातूवर धातू नको आणि रंगावर रंग नको. निळ्यावर काळा सिंह काढला तर शंभर पावलांवरून तो दिसणार नाही. पिवळ्यावर काढला तर दिसेल. आजच्या रस्त्यांवरील सूचनाफलकांमागेही हाच हिशेब असतो.

ही चिन्हे ओळखणे, नोंदवणे आणि दरबारात त्यांची घोषणा करणे हे काम राजदूतासारख्या एका अधिकारीवर्गाकडे असे. आपल्याकडच्या भालदार-चोपदारांशी आणि भाटांशी त्याचे नाते जवळचे. इंग्लंडमध्ये या अधिकाऱ्यांची सनदशीर संस्था १४८४ मध्ये स्थापन झाली आणि ती आजही काम करते.

आपल्याकडची परंपरा : लांच्छन, बिरुद, मुद्रा

भारतात ओळखीची ही गरज वेगळ्या वाटेने भागवली गेली. प्राचीन राजघराण्यांना ध्वज आणि लांच्छन असे. बदामीच्या चालुक्यांचा वराह, देवगिरीच्या यादवांचा गरुड आणि गोव्याच्या कदंबांचा सिंह ही त्याची परिचित उदाहरणे. कदंबांच्या ध्वजावर वानर असे आणि मुद्रेवर सिंह. तो सिंह गोमंतकीय वाचकाला राज्याच्या परिवहन महामंडळाच्या बसगाड्यांवर रोज भेटतो.

लांच्छन घराण्याचे असे, तर व्यक्तीची महती बिरुदावली सांगे. शिलालेखांत आणि ताम्रपटांत राजाच्या नावाआधी येणारी बिरुदांची लांबलचक रांग म्हणजे शब्दांत रंगवलेली ढालच होय. मराठेशाहीत ही जागा मुद्रेने घेतली. छत्रपतींची, पेशव्यांची आणि प्रधानांची मुद्रा प्रत्येकाची स्वतंत्र असे. कारभारी बदलला की मुद्रा बदले आणि जुन्या मुद्रेचा कागद नव्या माणसाच्या नावावर खपत नसे. व्यक्तिगत चिन्हाचा मूळ हेतू, म्हणजे हे माझेच आहे याची ग्वाही, मुद्रेने ढालीइतकाच चोख पार पाडला.

मोगल दरबारात मानाची चिन्हे वरून खाली बहाल होत. मत्स्याकृती ‘माही मरातिब’ हा त्यातला मोठा मान. महादजी शिंदे १७९२ मध्ये पुण्यास आले, तेव्हा बादशहाकडून पेशव्यांसाठी आणलेल्या वकील-इ-मुतलकीच्या सरंजामात हा मरातिबही होता. असा मान मिळाला की घराणी तो पिढ्यान्‌पिढ्या मिरवीत.

१८७७ : तीन बालराजे आणि आयते ध्वज

या दोन परंपरांची गाठ १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत पडली. राणी व्हिक्टोरियाने ‘कैसर-इ-हिंद’ हा किताब धारण केल्याची घोषणा तेथे व्हायची होती. व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांनी त्या प्रसंगी सुमारे नव्वद संस्थानिकांना युरोपीय धर्तीची मानचिन्हे काढलेले रेशमी ध्वज दिले. चिन्हे रॉबर्ट टेलर या बंगालच्या मुलकी सेवेतील अधिकाऱ्याने योजली होती. ध्वज पाच फूट लांब-रुंद होते आणि काठीसकट इतके जड की ते पेलण्यास माणसे अपुरी पडत. टेलरने पुढे १९०२ मध्ये या चिन्हांचा संग्रह कलकत्त्यात ग्रंथरूपाने छापला.

टेलरची पद्धत सरळ होती. घराण्याची दंतकथा, कुलदैवत, इतिहासातला एखादा प्रसंग किंवा मुलखाचा भूगोल यांतून त्याने खुणा उचलल्या. सूर्यवंशी रजपुतांना सूर्य मिळाला आणि काश्मीरला हिमालयाच्या रांगा दाखवणाऱ्या तीन नागमोडी रेषा मिळाल्या. खुणा इथल्या, पण त्यांची मांडणी, ढाल आणि व्याकरण परके.

त्या समारंभात एकवीस तोफांच्या सलामीचे मानकरी असलेले तीन संस्थानिक होते : हैदराबाद, बडोदे आणि म्हैसूर. तिन्ही गाद्यांवर त्या दिवशी मुले होती. हैदराबादचे मीर महबूब अली खान दहा वर्षांचे, बडोद्याचे सयाजीराव आणि म्हैसूरचे चामराजेंद्र तेरा-तेरा वर्षांचे. स्वतःची ओळख काय असावी हे ठरवण्याचे वय होण्याआधीच ती रंगवून, शिवून त्यांच्या हाती दिली गेली. युरोपात सरदार आपले चिन्ह स्वतः धारण करी आणि राजा त्याला मान्यता देई. येथे क्रम उलटा झाला होता.

तरीही संस्थानांनी ही चिन्हे निमूट स्वीकारून तशीच ठेवली असे घडले नाही. पुष्कळांनी पुढे त्यांत बदल केले आणि आपली जुनी ब्रीदे त्यांत आणली. बडोद्याचे ‘जीन घर जीन तख्त’ हे ब्रीद घोड्याच्या पाठीवर राज्य उभारणाऱ्या घराण्याचे खरे आत्मवृत्त आहे. ग्वाल्हेरच्या शिंद्यांनी सूर्यासोबत नाग जपला. नागाने फणा धरून सावली केल्याची कुलकथा त्यामागे आहे.

भाकरीचे चिन्ह आणि एक अक्षर

हैदराबादची सर्वांत जिव्हाळ्याची खूण मात्र दिल्लीत शिवली गेली नव्हती. आसफजाही ध्वज पिवळा आणि त्याच्या मधोमध पांढरे वर्तुळ. ते वर्तुळ म्हणजे कुलचा, तंदूरची रोटी. आख्यायिका अशी, की घराण्याचे संस्थापक निजाम-उल-मुल्क हे सूफी संत निजामुद्दीन औरंगाबादी यांच्या दर्शनास गेले. संतांनी पिवळ्या फडक्यात बांधलेले कुलचे पुढे केले. भुकेल्या पाहुण्याने सात खाल्ले. तुझ्या सात पिढ्या राज्य करतील, असा आशीर्वाद त्याला मिळाला. १७२४ ते १९४८ या काळात निजामही सातच मोजले जातात. पाहुण्याला दिलेली भाकरी राजचिन्ह व्हावी, हे उदाहरण सिंह-गरुडांच्या गर्दीत विरळाच.

उस्मान अली खान यांच्या काळात त्या ध्वजावर वरती ‘सारी थोरवी ईश्वराची’ या अर्थाचे अरबी वचन, मध्ये निजाम-उल-मुल्क आसफजाह हे नाव आणि खाली ‘या उस्मान’ अशी अक्षरे होती. म्हणजे एकाच वस्त्रावर घराणे आणि व्यक्ती दोन्ही आली. व्यक्तीची खूण नाण्यांवर आणखी नेटकी दिसते. चारमिनार असलेल्या निजामी नाण्यांवर कमानीच्या दारात एक फारसी अक्षर असते. महबूब अलींच्या नाण्यांवर ‘मीम’, उस्मान अलींच्या नाण्यांवर ‘ऐन’. मराठवाड्यातल्या जुन्या पेट्यांतून अशी नाणी अजून निघतात. दारातले अक्षर पाहिले की नाणे कोणत्या निजामाचे हे तारीख न वाचताही कळते.

मांडवीकाठचे दगड

गोव्याला १८७७ चा ध्वज मिळाला नाही, कारण ही भूमी पोर्तुगालची होती. पण मूळ युरोपीय कुलचिन्हविद्या येथे त्याआधी साडेतीनशे वर्षांपूर्वीच आली होती. अल्फोन्सो द आल्बुकेर्कने १५१० मध्ये पाडलेल्या चांदीच्या ‘एस्फेरा’ नाण्यावर खगोलगोल होता. ती राजा मानुएलची व्यक्तिगत खूण. पुढे ती देशाची झाली आणि आजही पोर्तुगालच्या ध्वजावर आहे. गोवे शहराच्या चिन्हात संत कॅथरीनचे चक्र आले, कारण शहर पडले तो २५ नोव्हेंबर हा तिचा सण होता.

जुन्या गोव्यातील व्हाइसरॉयची कमान वास्को द गामाचा पणतू फ्रान्सिस्को द गामा याने सोळाव्या शतकाच्या अखेरीस उभारली. तिच्यावर हरिण आहे. पोर्तुगीज भाषेत ‘गामा’ म्हणजे हरिणी. आडनावावरच श्लेष साधणारी अशी ‘बोलकी चिन्हे’ युरोपात फार लोकप्रिय होती. वाळपई-फोंड्याहून आलेल्या विद्यार्थ्यांच्या सहलीला ही एक गोष्ट सांगितली तरी कमान त्यांच्याशी बोलू लागेल.

जवळच्या पुरातत्त्व संग्रहालयात व्हाइसरॉय आणि गव्हर्नर यांची चित्रमालिका आहे. दों जुआंव द काश्त्रू यांनी १५४७ च्या सुमारास ती सुरू करविली. चित्रातील व्यक्तीबरोबर तिचे मानचिन्ह रंगवण्याची प्रथा तेथे पडली. शेजारच्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या चर्चमध्ये जमिनीत बसवलेल्या थडग्यांच्या शिळांवर तीच चिन्हे कोरलेली आढळतात. शेकडो वर्षे पायांखाली घासून काहींची ढाल पुसट झाली आहे.

जिवंत राहिलेली दोन रूपे

पोर्तुगालमध्ये १९१० साली प्रजासत्ताक आले आणि सरदारकीचा कायदेशीर आधार संपला. भारतात संविधानाच्या अनुच्छेद १८ ने किताब नाहीसे केले आणि १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता व तनखे संपवले. मग व्यक्तिगत मानचिन्ह आज कोठे उरले?

एक उत्तर कॅथलिक धर्मपीठात आहे. प्रत्येक बिशप आपले स्वतंत्र चिन्ह घेतो आणि त्याच्या उत्तराधिकाऱ्याला नवे घ्यावे लागते. ढालीवर शिरस्त्राणाऐवजी रुंद कडेची टोपी येते आणि तिच्या गोंड्यांवरून दर्जा ओळखतात. आर्चबिशपची टोपी हिरवी, दोन्ही बाजूंना दहा-दहा गोंडे. कार्डिनलची तांबडी, पंधरा-पंधरा गोंडे. गोवा आणि हैदराबाद येथे हा योग जुळून आला. गोव्याचे फिलिप नेरी फेर्रांव आणि हैदराबादचे अँथनी पूला हे दोघे आर्चबिशप २७ ऑगस्ट २०२२ या एकाच दिवशी कार्डिनल झाले. पूला यांचे कॅथेड्रल आबिड्सलगतच्या गनफाउंड्रीत आहे. निजामाचा फ्रेंच सेनानी रेमों याच्या तोफखान्यावरून त्या भागाला हे नाव पडले. त्या दिवशी दोघांच्याही चिन्हांतील टोपी तांबडी होण्याचा अधिकार निर्माण झाला.

दुसरे उत्तर हौसेत आहे. कॅलिफोर्नियातील बर्कली येथे मे १९६६ मध्ये मित्रमंडळींनी घराच्या अंगणात भरवलेल्या एका सामन्यातून मध्ययुग जगून पाहणारी एक संस्था जन्मली. आता ती अनेक देशांत पसरली आहे. सदस्य सतराव्या शतकापूर्वीचे एक पात्र निवडतो. युरोपशी संपर्क आलेल्या प्रदेशांतली, भारतातलीही, पात्रे त्यात घेता येतात. मग नाव आणि ढाल ठरते. संस्थेचे चिन्हाधिकारी रंगांचा नियम पाळला आहे का, दुसऱ्या कोणाचे चिन्ह फार जवळचे नाही ना, खऱ्या राजघराण्याची खूण बळकावलेली नाही ना, हे तपासतात आणि मगच नोंद करतात. शिरस्त्राण, झालर, आधारप्राणी यांचा पूर्ण सरंजाम पुढे मानानुसार मिळतो. येथे जन्माने काहीच मिळत नाही. शिंपीकाम, स्वयंपाक, तलवारबाजी किंवा सेवा यांतून मान कमवावा लागतो. तीन बालराजांना आयते मिळालेले ध्वज आणि हौशी माणसाने स्वतः आखून मिळवलेली ढाल यांतला फरक त्यामुळे ठळक होतो.

पुसायचे की वाचायचे?

भारतात व्यक्तिगत चिन्हांची नोंद ठेवणारे कोणतेही सरकारी खाते नाही. राष्ट्रचिन्हाला २००५ च्या कायद्याचे संरक्षण आहे, पण जुन्या घराण्यांच्या खुणा ज्या भिंतीवर आहेत त्या भिंतीच्या भरवशावर टिकून आहेत. वास्तू संरक्षित नसेल तर दुरुस्तीत, रंगकामात वा पाडकामात त्या जातात.

कधी त्या जाणूनबुजून बदलल्या जातात. उस्मानिया विद्यापीठाच्या मूळ चिन्हात निजामाचा मुकुट आणि अरबी वचने होती. नव्या चिन्हातून मुकुट गेला आणि तेलुगू व संस्कृत अक्षरे आली. पण मध्यभागी उस्मानचे ‘ऐन’ राहिले. मराठवाड्याने निजामी राजवट सोसली आणि १७ सप्टेंबर हा मुक्तिदिन म्हणून जपला. तेथील वाचकाला मुकुट जाण्यात न्याय दिसेल. संस्थापकाचे आद्याक्षर राखण्यातही तितकाच विवेक आहे, कारण त्यामुळे विद्यापीठाचा उगम चिन्हातच वाचता येतो.

किंग कोठीतल्या कमाल खानाची कथा आज सांगता येते ती अक्षरे राहिली म्हणून. जुन्या गोव्यातील शिळांनाही हेच लागू आहे. त्यांची नीट छायाचित्रे घेऊन ढालीनिशी यादी झाली, तर पायांखाली झिजणारी नावे आणखी काही पिढ्यांना वाचता येतील.